आठ धारांची भेंडी

भाद्रपद लागला की यवतमाळच्या भाजीबाजारात भेंडीचे ढीग लागतात आणि मी त्या ओळीतून जायचं टाळतो. बायका ढिगाशी ओणव्या होऊन एकेका भेंडीचा शेंडा मोडून पाहतात. कट्कन मोडला तर कोवळी, नुसताच वाकला तर जून. भाजीवाली करवादते, "मोडू नका वो माय, समद्या कवळ्याच हायेत!" मी पलीकडून दोडके नाहीतर कारली घेऊन घरी येतो. बायको विचारते, आजही भेंडी नाही? मी म्हणतो, भेंडीनं मला वात धरतो. लग्न झाल्यापासून हेच सांगत आलोय. बिचारीनं या वातापायी इतक्या वर्षांत मला किती ओवा खाऊ घातला असेल, त्याची गणतीच नाही.

आताची भेंडी दिसायला देखणी असते. पाच धारांची, बोटभर लांब, गडद हिरवी. एक पाहिली की सगळी पाहिली. तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. मी जन्मभर शेतकी खात्यात काढला, सुधारित बियाण्याची पत्रकं याच हातांनी वाटली. झाडाला फळं जास्त लागतात आणि लवकर लागतात, हेही खरं आहे. पण भाद्रपदातलं ते ढगाळ, घामट ऊन पडलं आणि कुठूनतरी भेंडीच्या पानांचा उग्र वास आला, की माझे मनगटापासून कोपरापर्यंतचे हात अजून खाजायला लागतात. ही खाज कुठून येते ते मला पक्कं ठाऊक आहे.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. मी बाविशीतला, शेतकी शाळेतून नुकताच बाहेर पडून एका लहानशा सरकारी फार्मवर कामदार म्हणून लागलो होतो. कामदार म्हणजे साहेबांच्या खालचा आणि मजुरांच्या वरचा माणूस; पण गावात गेलं की आम्हीच साहेब. त्या वर्षांत भेंडीवर केवडा रोग फार माजला होता. पानाच्या शिरा पिवळ्या पडायच्या, मग अख्खं पान, मग फळसुद्धा पांढुरकं होऊन वाळायचं. वरून हुकूम आला की गावोगावच्या भेंड्यांचं बी जमवा, शेजारीशेजारी लावा आणि प्रत्येकीचे गुण लिहून काढा. केवड्याला दाद न देणारी एखादी सापडली, तर तिच्यापासून नवी जात करता येईल.

तोवर मला भेंडी म्हणजे भेंडीच वाटायची. सायकलवर टांग टाकून गावं पालथी घातली तेव्हा कळलं की दर दहा कोसांवर भेंडीचं रूप वेगळं आहे. मुकुटबनकडून आली ती लाल देठाची, माझ्या डोक्याच्या वर झाड जाणारी. एका तांड्यावरच्या नायकाच्या घरून मिळाली ती आखूड, जाडजूड, बोंडासारखी. एक तर इतकी लवट, कुसांनी भरलेली होती की तोडताना हाताला फडकं गुंडाळावं लागे, आणि घरचे म्हणत की चव म्हणाल तर हिलाच. कोणी कधी लावली, कोणाच्या ओटीतून कुठून आली, याचा पत्ता कोणालाच नव्हता. बायका बी द्यायच्या आणि वर म्हणायच्या, पुरी मूठच न्या बावा, अर्धी कायले?

शेवंताबाईची भेंडी मी बोरी अरबच्या बाजारात पाहिली. फडक्यावर मांडलेल्या त्या फिकट पोपटी, वीतभर लांब भेंड्या पाहून मी सायकल भिंतीला टेकवली. एक उचलून मोजली. आठ धारा. इतकी लांब म्हणजे जून असणार म्हणून शेंडा मोडला, तर तो काकडीसारखा मोडला. बाई पन्नाशीच्या, अंगानं काटक. मी बी मागितलं तर हसल्या. "आता कोठचं बी? दिवाई होऊ द्या. मंग येजा घरी."

दिवाळीनंतर गेलो. छप्पन सालच्या दसऱ्याला त्या वस्तीतले बहुतेक लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. घराघरातले देव नदीला गेले होते. शेवंताबाईच्या घरातही समोरच्या भिंतीत देवळी होती, जिथे पूर्वी देव असत. तिथे आता वाळलेल्या भेंड्यांचा जुडगा उभा होता. वाऱ्यानं हलला की आतलं बी खुळखुळे. मी पाहतोय हे बघून त्या म्हणाल्या, "देव गेले. देवळी रिकामी कायले ठेवू? बी ठेवलं."

त्यांनी चहा पुढे केला. मी प्यालो. आमच्या घरचं कोणीही तो चहा प्यायलं नसतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. गुळाचा, आल्याचा, पितळी वाटीतला चहा. सांगायला लाज वाटते, पण त्या एका वाटीचं कौतुक मी पुढे कित्येक वर्षं चारचौघांत सांगत फिरलो. बघा, मी त्या काळातही कसा होतो! चहा त्यांनी केला, मोठा झालो मी.

मग त्यांनी परसात नेलं. घराला लागूनच धाकट्या जावेचं घर, धुरपताबाईंचं. मध्ये तुराट्यांचं कुंपण आणि त्या कुंपणाला माणूस जाईल एवढी फट. त्या फटीतून विस्तव जायचा, ताक यायचं, एकमेकींची पोरं जायची-यायची. मी बोलत असतानाच धुरपताबाई त्या फटीतून डोकं काढून म्हणाल्या, "बाई, साहेबाले देठाचं नका देऊ हो, मधल्या बोंडाचं द्या." शेवंताबाई म्हणाल्या, "तू शिकव मले!" आणि दोघी हसल्या.

भेंडी शेवंताबाईंच्या माहेरची होती. उमरखेडकडची; तिकडे आता ती कोणी लावत नव्हतं. लग्नात ओटीत बी घालून आणलेली, म्हणून तिचं नावही उमरखेडीच. केवडा तिला शिवत नसे. परसात ज्या चार-सहा झाडांचं बी धरायचं, त्यांना त्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधत. चिंधीच्या झाडाची भेंडी कोणी तोडायची नाही, लेकरानंही नाही. आणि आसपास दुसरी भेंडी लावायची नाही.

"हिले दुसऱ्या भेंडीची हवा लागू द्याची नाई, बाबू," त्या म्हणाल्या. "हवा लागली का पुढच्या साली इचं रूप बदलते."

मी हसलो. हवा लागते म्हणे! मग शाळेत शिकलेलं त्यांना समजावून सांगितलं: हवा नव्हे मावशी, माशा. भेंडीचं फूल एकाच सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. तेवढ्यात मधमाशी दुसऱ्या जातीचा पराग आणते आणि बी संकरित होतं. म्हणून आम्ही फार्मवर आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या कळीचं तोंड दोऱ्यानं बांधून ठेवतो. मग माशी आत शिरूच शकत नाही. शेवंताबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. "फुलाचं तोंड बांधता?" त्या म्हणाल्या. "बापा! मंग तर माही भेंडी तुमच्यापाशी चांगलीच राहीन."

देवळीतला जवळजवळ सगळा जुडगा त्यांनी मला दिला. मी शब्द दिला, की फार्मवर एक हंगाम घेऊन त्यापुढच्या आखाडीच्या, म्हणजे पेरणीच्या आत थैलीभर बी आणून देईन, अगदी अस्सल.

फार्मवर तिला सतरा नंबर मिळाला. वीस जाती, वीस ओळी. रोज सकाळी मी वही घेऊन फिरायचो: फूल किती दिवसांनी, पहिलं फळ कितव्या पेरावर, झाडाला फळं किती, धारा किती, केवडा किती. बाकीच्या ओळी एकामागून एक पिवळ्या पडत गेल्या. सतरा नंबर हिरवीगार उभी. साहेब रोज तिथे थांबत. पण ती उशिराची होती. बाकीच्यांना फळं लागली तरी हिला कळीचा पत्ता नव्हता.

कळ्या बांधायचं काम संध्याकाळचं. वाकून, पानं बाजूला सारून, उद्याची कळी ओळखायची. ती किंचित फुगलेली आणि टोकाला पिवळी दिसते. तिच्या तोंडाला दोरा गुंडाळायचा, आणि देठालाही एक दोरा, म्हणजे पुढे बी धरताना हेच फळ घ्यायचं हे कळतं. भेंडीची कुसं हाताला, मानेला, पायाला लागत. खोबरेल चोळूनही रात्रभर खाज. सुरुवातीला मी प्रत्येक कळी बांधली. मग एकाआड एक. मग वाटलं, एखाद्या संध्याकाळी नाही बांधली तर काय मोठंसं बिघडतं?

सतरा नंबर फुलली ती नेमकी पोळ्याच्या तोंडावर. मी दोन दिवसांच्या रजेवर गावी गेलो. घरची बैलजोडी सजवली, तोरणाखालची झडत्यांची गाणी ऐकली, पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि साहेबही तेव्हा दौऱ्यावर होते, त्यात मित्रांनी अडवलं म्हणून राहिलो. आठव्या दिवशी परतलो तेव्हा सतरा नंबरची ती सुंदर पिवळी, पोटात काळपट-लाल फुलं येऊन गेली होती. झाडांवर बोटभर भेंड्या लोंबत होत्या. एकाही देठाला दोरा नव्हता. आजूबाजूच्या एकोणीस ओळींवर माशा गुणगुणत होत्या.

तेव्हा काय करायचं होतं ते मला माहीत होतं. साहेबांना सांगायचं होतं. नंतर येणाऱ्या कळ्या नीट बांधून, जेवढं मिळेल तेवढं मूठभर खरं बी धरायचं होतं. मी ते केलं नाही. मी खिशातून दोरा काढला आणि धरलेल्या फळांच्या देठांना बांधत सुटलो. मग खोलीत बसून आठ दिवसांची वही एका बैठकीत भरली. सगळी शाई सारखी दिसू नये म्हणून दौतीत मध्येच थोडं पाणी घातलं. "फुले बांधली." "फुले बांधली." दुसऱ्या दिवशी साहेब ओळीतून फिरले, दोरे पाहिले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप आजही आठवली की मी पाठ आखडून घेतो.

पुढच्या साली आखाडीच्या आधी थैलीभर बी घेऊन मी शेवंताबाईंकडे गेलो. त्यांना केवढा आनंद झाला! थैली कपाळाला लावली. मी विचारलं, तुमच्याकडची शिल्लक असेल ना अजून? त्या सहज म्हणाल्या, "कोठची? होतं नोहतं थे मांगच्या साली लावलं. लेक बाळंतपनाले आलती, कवळ्या-कवळ्या समद्या खाऊन टाकल्या. तू आनून देनारच होता ना? मंग मी चिंधी कायले बांधू?"

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी चिंधी बांधली नव्हती, ती माझ्या शब्दावर. त्या क्षणी थैली परत मागायला हवी होती. पण त्यांच्या परसाशिवाय आता जगात ती भेंडी कुठेच नव्हती, आणि परसातही नव्हती. मी म्हणालो, "लावा मावशी. अस्सल आहे." आणि त्यांच्या हातचा दुसरा चहाही प्यालो.

पोळा झाला, गौरी आल्या, तेव्हा वस्तीतून निरोप आला की शेवंताबाईंनी बोलावलंय. मी गेलो. परसात चार बायाबापड्या जमल्या होत्या. उमरखेडी पोळ्याच्या कितीतरी आधीच फुलली होती, जी एरवी पोळा आल्याशिवाय कधीच फुलत नसे. काही झाडांच्या भेंड्यांना पाच धारा, काहींच्या सहा. एकाचा देठ लाल. तो मी लगेच ओळखला, मुकुटबनचा. चार झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या होत्या. शेवंताबाई त्या झाडांकडे पाहत नव्हत्या, त्या कुंपणाकडे पाहत होत्या. पलीकडे धुरपताबाईंनी त्या साली बाजारातलं बी आणून भेंडी लावली होती. उशिरा लावलेली, गुडघाभर.

"सांगा साहेब," शेवंताबाई म्हणाल्या. बाबू म्हणणं त्यांनी त्या दिवशी टाकलं होतं. "तुमी शिकेल मानूस. हिच्या भेंडीची हवा लागून माही भेंडी नासली का नाई? माह्या माहेरची भेंडी! इले मी नाई म्हटलं होतं, तरी लावली कुपाले लावून."

धुरपताबाई फटीत उभ्या होत्या. "साहेब, तुमीच पाहा. माह्या भेंडीले अजून कळी नाई. फूलच नाई तं हवा कोठून लागन?"

साधी, सरळ, बिनतोड गोष्ट. शाळेत गुरुजींनी विचारलं असतं तर मीही हेच उत्तर लिहिलं असतं आणि पुढे जोडलं असतं की या सालच्या परागानं या सालचं झाड बदलत नाही. जे बिघडलं ते गेल्या सालच्या फुलात बिघडलं. आणि गेल्या साली ती फुलं कुठे होती, कोणाच्या हवाली होती, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

मी म्हणालो, "शेजारी दुसरी भेंडी लावू नये, हे खरं."

पुस्तकातलं वाक्य. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एवढं सफाईदार खोटं मी त्याआधीही बोललो नाही आणि त्यानंतरही.

धुरपताबाई आत वळल्या आणि कळी यायच्या आधीच आपली भेंडी एकेक उपटून शेळीपुढे टाकू लागल्या. मी सायकलवर बसलो तेव्हाही उपटतच होत्या. पुढच्या फेरीला पाहिलं, तर कुंपणाची फट बोरीच्या काट्यांनी बुजवलेली होती.

सतरा नंबरचं बी मी शुद्ध म्हणून वरच्या केंद्रालाही पाठवलं होतं. वर्षभरानं एका ओळीचा कागद आला: सतरा नंबर एकजिनसी नाही, काढून टाकावी. तो कागद मी फायलीला लावला. केवड्याला दाद न देणारी नवी जात पुढे आली, ती दुसऱ्या कुणाच्या मेहनतीची. लोकांचं भलं झालं, माझीही बढती होत गेली. शिबिरांतून मी बीजशुद्धीवर भाषणं दिली आणि ती चांगली होत. टाळ्या पडत, आणि मी खाली बसताना नकळत मनगट खाजवत असे.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी एका भाद्रपदात मी एस. टी. धरली. का, ते नीट सांगता येत नाही. हृदयाचा एक झटका येऊन गेला होता. माणूस घाबरला की प्रामाणिक व्हायला निघतो. घरं आता विटांची झाली होती. शेवंताबाईंचं घर बंद होतं. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. धुरपताबाई ओसरीवर बसल्या होत्या, डोळ्यांवर जाड काचा, पण नाव सांगताच ओळखलं.

मी सगळं सांगितलं. पोळा, रजा, दोरे, शाईतलं पाणी. सांगताना मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटायला लागलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाई मरेपर्यंत बोलली नाई माह्यासंग. शेवटचं पानी मीच पाजलं. पेली. पन बोलली नाई."

डोळ्यांवरच्या काचा पदराला पुसत त्यांनी विचारलं, "हे तिले सांगतलं होतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग मले कायले सांगून राह्यले, साहेब? मले तं तवाच माईत होतं."

मी कुंपणाच्या जागेकडे पाहिलं. तिथे झेंडू होता, अंबाडी होती, वालाचा वेल होता. त्यांना माझी नजर कळली असावी. "भेंडी नाई लावली मंग कधी," त्या म्हणाल्या. "बाई पाहत राहे ना तिकडून."

मग त्यांनी सुनेला हाक मारली, "साहेबाले चहा दे वं."

चहा आला, कपबशीत. तो नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही आणि प्यायची लायकी नव्हती. मी प्यालो. पहिल्या चहाचं मी जन्मभर चारचौघांत सांगत फिरलो. या चहाचं घरी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिनं आत्ताच आतून विचारलं, भाजीला काय आणू? मी म्हणालो, भेंडी सोडून काहीही.